सर्व्हरचं घड्याळ जुळवण्याआधीची तयारी

घड्याळ चुकलंय हे कळलं की हात लगेच वेळ बदलायच्या कमांडकडे जातो. आधी फरक किती आणि कोणत्या बाजूचा, हे बघून लिहून ठेवा. क्रोनी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्राम) असेल तर ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ या कमांडच्या उत्तरातल्या ‘सिस्टीम टाइम’ ओळीत सेकंद दिसतात, पुढे ‘फास्ट’ किंवा ‘स्लो’. वेळेचे स्रोत चार तरी हवेत. दोनच असले आणि त्यांचं पटलं नाही तर खोटं कोण, हे ठरवता येत नाही.

‘स्लो’ असेल तर घड्याळ पुढे उडी घेईल. सेशन, कॅश, लॉक यांच्या मुदती एकदम संपतील. त्याची तयारी म्हणजे कमी गर्दीची वेळ निवडणं.

‘फास्ट’ असेल तर घड्याळ मागे न्यावं लागतं, आणि खरी भीती इथेच आहे. तीच मिनिटं पुन्हा येतात. लॉगचा क्रम बिघडतो, वेळेवरून बनणारे आयडी दुसऱ्यांदा निघू शकतात. कॅसँड्रासारख्या डेटाबेसमध्ये ज्या नोंदीची वेळ पुढची, ती जिंकते. त्यामुळे आता केलेला बदल मघाच्या ‘पुढच्या’ वेळेच्या नोंदीपुढे हरतो. एरर येत नाही, राइट यशस्वी दिसतो, वाचताना मात्र जुनीच किंमत मिळते.

म्हणून फरक लहान असेल तर उडी नकोच, घड्याळाचा वेग किंचित बदलून तो हळूहळू भरू द्या. एनटीपीडी (क्रोनीसारखाच, जुना प्रोग्राम) जास्तीत जास्त ५०० पीपीएमने (दहा लाखांत ५०० भाग), म्हणजे सेकंदाला अर्धा मिलिसेकंद सरकवतो. एका सेकंदाचा फरक भरायला सुमारे ३३ मिनिटं लागतात, एका मिनिटाचा भरायला ३३ तास. क्रोनी याहून बराच वेगाने भरून काढतो. एनटीपीडीची मूळ सेटिंग १२८ मिलिसेकंदांपुढे उडी मारते, हे विसरू नका. क्रोनीत ‘मेकस्टेप १.० ३’ ठेवा: सुरू झाल्यावर पहिल्या तीन अपडेटपुरतीच, तीही एका सेकंदाहून जास्त फरक असला तरच उडी. तिथे ३ ऐवजी उणे १ लिहिलं की उडीला कायमची परवानगी मिळते. डेटाबेस सर्व्हरवर ते अजिबात नको.

व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टचं टाइम सिंक आणि एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणं, म्हणजे क्रोनी किंवा एनटीपीडी) यांतलं एकच चालू ठेवा. केर्बेरोस (लॉगिनची ओळख तपासणारी यंत्रणा) असेल तर त्याची नेहमीची सवलत ५ मिनिटांची; त्यापलीकडे लॉगिन नाकारलं जातं. स्वतःच्या कोडमध्ये टाइमआउट भिंतीवरच्या घड्याळावर, म्हणजे सिस्टीमच्या तारीख-वेळेवर, मोजलेत का, तेही तपासा. तिथे क्लॉक मोनोटॉनिकच (वेळ बदलली तरी मागे न जाणारं घड्याळ) हवं.

उडी टळतच नसेल तर एका वेळी एकच नोड (सर्व्हर) घ्या, आधी रेप्लिका (डेटाची प्रत ठेवणारे), प्रायमरी (मुख्य) शेवटी. सर्व्हिस बंद करा, मग वेळ बदला. घड्याळ दोन मिनिटं मागे नेलं असेल तर खरी वेळ शेवटच्या नोंदीच्या वेळेपुढे जाईपर्यंत राइट बंदच ठेवा. तेवढ्यात हार्डवेअर क्लॉकही (मशीन बंद असतानाही चालणारं घड्याळ) जुळवून घ्या, नाहीतर पुढच्या रीबूटला तीच चूक परत येईल.