मोबाईलवरून घरात रोज वाजतंय? तास मोजू नका, वेळ पकडा

घरात मोबाईलवरून वाजलं की पहिला मुद्दा येतो तासांचा. तू आज पाच तास होतास, तू सहा तास होतीस, मग सेटिंगमधले आकडे काढून एकमेकांना दाखवायचे, आणि घरातलं काहीच बदलत नाही. प्रवासात एकट्याने तासभर रील्स बघितल्या तर कुणाचं काही बिघडत नाही, पण बायको डॉक्टरांकडून आली, रिपोर्टबद्दल सांगत होती आणि तुम्ही दोनच मिनिटं खाली बघून नुसतं "हं हं" केलंत, तर ती दोन मिनिटं तिला वर्षभर आठवतात. म्हणून पुढे जे सांगतोय त्यात तासांचा हिशोब जवळपास नाहीच. फोन नेमका कुठल्या वेळी मध्ये येतो ते पकडायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

आणि हो, नेटमुळे माणसं तुटतात हे तितकं सरळ नाहीये. हा वाद स्मार्टफोनच्याही आधीचा आहे. रॉबर्ट क्राऊट नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये ७३ घरांना कॉम्प्युटर आणि नेट देऊन पाहणी केली, १९९८ मध्ये निष्कर्ष आला की जे जास्त वापरतात त्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं कमी होतं आणि एकटेपणा थोडा वाढतो. तेव्हा मोठी बोंब झाली. नंतर त्याच लोकांकडे परत गेले तर तो वाईट परिणाम बराचसा ओसरलेला, हे २००२ मध्ये छापून आलं. सोबत नवीन लोकांचीही पाहणी केली होती, त्यात दिसलं की ज्यांना मुळात माणसांत मिसळायला आवडतं त्यांना नेटचा फायदा होतो, जे आधीच बुजरे आणि एकटे असतात त्यांचं उलट होतं. मला हे पटतं, घराघरात फरक असतो तो इथेच. तेव्हा शेजारच्यांचा नियम उचलून आपल्या घरात लावू नका.

आधी चार-पाच दिवस नुसतं बघा

कुणालाही न सांगता. घोषणा केली की सगळे शहाण्यासारखे वागतात आणि खरं काही कळत नाही. बघायचं एवढंच, की कुणाला दोनदा हाक मारावी लागली, कुणी बोलता बोलता मध्येच गप्प झालं आणि "जाऊ दे" म्हणालं. हे कधी झालं ते लक्षात ठेवा. बहुतेक घरांत त्याच त्याच दोन-तीन वेळा निघतात: कुणीतरी बाहेरून घरी आल्याची पहिली दहा मिनिटं, जेवण, आणि झोपायच्या आधीची वेळ.

स्वतःचा आकडा बघायचाच असेल तर तासांऐवजी दिवसातून फोन किती वेळा उचलला तो बघा. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंगमध्ये अनलॉक किती वेळा केला ते दिसतं, आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये पिकअप दिसतात आणि उचलल्यावर पहिलं कुठलं ॲप उघडलं तेही दिसतं. ते पहिलं ॲप कोणतं आहे बघा, तिथेच तुमची सवय बसलेली असते.

काय करतोय ते तोंडाने सांगा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त काम करणारा उपाय हाच, आणि हाच कुणी सांगत नाही. पूर्वी बाबा पेपर वाचत असले तर सगळ्या घराला दिसायचं की पेपर चाललाय, शेवटचं पान आलं की संपणार. वहीत हिशोब लिहीत असले तर तेही दिसायचं. फोनचं तसं नाही. बिल भरताना, ऑफिसच्या मेलला उत्तर देताना, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघताना आणि नुसतं वर सरकवत बसल्यावर माणूस बाहेरून अगदी सारखाच दिसतो, मान खाली आणि चेहरा कोरा. समोरच्याला कळत नाही की हे महत्त्वाचं आहे का टाइमपास आणि किती वेळ चालणार, मग तो वाईटातला वाईट अर्थ काढतो, आणि त्याला तरी काय दोष द्यायचा.

म्हणून फोन उचलताना बोलून टाकायचं. "वीजबिल भरतोय, पाच मिनिटं." "ऑफिसचा मेसेज आहे, एवढं उत्तर देतो आणि ठेवतो." आणि संपल्यावर खरंच ठेवायचा, पालथा. टाइमपास करत असाल तर तेही सांगा ना, "डोकं उठलंय, थोडा वेळ व्हिडिओ बघतेय", त्यात काही पाप नाही. पहिले दोन-तीन दिवस फार विचित्र वाटतं, नाटकात काम करतोय असं. नंतर सवय होते आणि एक गंमत होते, कारण सांगायला गेलं की आपल्यालाच कळतं की फोन उचलायला काही कारणच नव्हतं.

कोरा चेहरा हा मोठ्यांना नुसता खटकतो, लहान बाळांना तो खरोखर त्रास देतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की खेळता खेळता आईने चेहरा एकदम निर्विकार केला की तान्हं बाळ आधी तिला खुणावतं, मग अस्वस्थ होतं, मग तोंड फिरवतं. अलीकडे तसाच प्रयोग आईच्या हातात फोन देऊन झाला, तेव्हाही बाळं किरकिरली. बाळ मांडीवर असताना फोन बघावाच लागला तर मधून मधून मान वर करून त्याच्याशी बोला, एवढं पुरे. बायकांच्या डोक्यावर आणखी एक अपराधीपणाचं ओझं नको, आणि बाबांनाही हेच लागू.

आवाज कुणाचे ठेवायचे

नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जा आणि एकच प्रश्न विचारा: हा आवाज माणसाचा आहे का मशीनचा? आई, मुलगी, मित्र, बॉस यांचे ठेवा. सेल लागला, कुणीतरी रील टाकली, तुम्ही आम्हाला विसरलात का, हे सगळं बंद. मोठे ग्रुप कायमचे म्यूट, व्हॉट्सॲपमध्ये "नेहमीसाठी" असा पर्याय आहे.

"पण इमर्जन्सी आली तर?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. त्याची सोय फोनमध्येच आहे. डू नॉट डिस्टर्ब लावून ठराविक लोकांचे फोन चालू ठेवता येतात, शिवाय तोच माणूस लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजतो, अँड्रॉइडमध्ये १५ मिनिटांच्या आत आणि आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत. सेटिंग एकदा तपासून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की खरंच निकड असेल तर दोनदा करा.

रात्री सगळे फोन बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला. अलार्मचं कारण सांगणाऱ्यांनी साधं घड्याळ घ्या. ज्यांची ड्युटी फोनवर असते त्यांना यातून सूट, पण ती सूट सगळ्यांसमोर ठरवून.

मुलांच्या हातातून हिसकावू नका

दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. तिथे वाद नाही, व्हिडिओ कॉलवर आजीला टाटा करणं मी तरी त्यात मोजत नाही.

मोठ्या मुलांचं वेगळं. त्यांचे मित्रच तिकडे असतात, फोन काढून घेतला की त्याच्यासाठी अख्खा वर्ग बंद होतो. ऑनलाइन गेम मध्येच थांबवता येत नाही, उठला तर बाकीची टीम हरते आणि शिव्या याला बसतात. म्हणून "पाच मिनिटांत बंद कर" म्हणण्यापेक्षा "ही मॅच झाली की ये" म्हणा, मिनिटं त्याच्या हातात नसतात, मॅच असते. एवढ्या एका वाक्याने रोजची किती आदळआपट वाचते ते बघाच. चॅट चोरून वाचू नका, एकदा कळलं की तो दुसरं अकाउंट काढतो आणि मग तुम्हाला काहीच दिसत नाही. नियम आईबाबांना पण सारखेच. जेवताना मुलाचा फोन बंद आणि बाबांचा चालू असेल तर तो नियम संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

आजीआजोबा दिवसभर व्हिडिओ बघतात, त्यांना टोमणे मारण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी दुसरं कोण बोलतंय? त्यांना बोलायला माणूस द्या, रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं. आणि यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका, मग होमवर सुचवलेल्या व्हिडिओंची रांग येत नाही, हवं ते शोधूनच बघावं लागतं.

फॅमिली ग्रुप

ग्रुपवर रोज सुप्रभात येतं, वाढदिवसाला केकचं चित्र येतं, आणि सगळ्यांना वाटतं आपण संपर्कात आहोत. तर असं करा, वाढदिवसाला ग्रुपवर टाकायचंच नाही, फोन करायचा, उचलला नाही तर आवाजी मेसेज. लांब राहणाऱ्या नातवंडाला व्हिडिओ कॉलवर "बोल ना, बोल ना" करू नका, दोन वाक्यांत संपतं. त्याने काढलेलं चित्र दाखवायला सांगा, आजीला गोष्ट वाचून दाखवायला सांगा, हाताला काम असलं की गप्पा आपोआप होतात. भांडण ग्रुपवर कधीच नको. ब्लू टिक बघून "वाचलंस आणि उत्तर नाही" हे तर मुळीच नको, त्याने बस पकडताना वाचलं असेल. स्वतःच्या ब्लू टिक बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये त्या तरीही दिसतात हे लक्षात असू द्या.

वाचलेल्या वेळेचं काय करायचं हे आधीच ठरवा. २०१८ मध्ये अमेरिकेत काही लोकांचं फेसबुक चार आठवडे बंद ठेवून बघितलं होतं, रोजचा जवळपास तास वाचला. त्यातला काही घरच्यांसोबत आणि मित्रांसोबत गेला आणि काही एकट्याने टीव्ही बघण्यात, लोक थोडे खूश होते पण थोडेच. म्हणजे फोन ठेवून सगळे सोफ्यावर नुसते बसले तर कुणीतरी रिमोट उचलणारच. पत्ते काढा, चालायला जा, कपाट आवरायला दोघं मिळून बसा, काहीही.

एवढं करूनही एखादा माणूस फोनमध्येच असेल तर जरा कडू प्रश्न विचारा: घरात त्याच्याशी बोलणं म्हणजे काय असतं? मार्क किती, नोकरीचं काय, वजन वाढलंय. दर वेळी हेच असेल तर तो फोनमध्ये लपतोय, आणि तिथे फोनचे नियम काही कामाचे नाहीत, आधी आठवडाभर सल्ले बंद करून बघा. पण झोप गेली, शाळा किंवा काम सुटायला लागलं, पैसे जायला लागले, सांगूनही महिनोन्महिने थांबत नाही, तर ते घरगुती उपायांच्या पलीकडे गेलं. गेमिंगचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना त्याला सोबत घेऊन, सांगून जा, आणि महिन्याभरात झोपायच्या वेळा कशा बदलल्या ते लिहून न्या, तिथे पहिल्यांदा तेच विचारतील.