परतीचे क्रेट वापरताय? या चुका टाळा

चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत पुठ्ठ्याचे खोके बंद करून प्लास्टिकचे परतीचे क्रेट (माल घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणारे आणि रिकामे परत येणारे) आणायची सगळ्यांनाच घाई. कोटेशन येतं, रंग ठरतो, लोगो छापून होतो. हिशेब मात्र राहतो.

सर्वांत महागात पडतं ते क्रेटची संख्या नुसत्या प्रवासावर काढणं. एका पुरवठादाराचा माल चेन्नईला जायचा. रोज ६०० नग, क्रेटमध्ये १२, म्हणजे रोज ५० क्रेट. जायला ३ दिवस, यायला ३. साहेबांनी ३०० क्रेट घेतले आणि मोकळे झाले. दुसऱ्या आठवड्यात माल पुन्हा खोक्यांत, आणि खोकी ऐनवेळी चढ्या भावाने आणलेली! क्रेट गाडीत असतो त्याहून जास्त दिवस कुठेतरी पडून असतो: भरून आपल्याकडे २ दिवस, गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये ४, गाडीभर रिकामे साठेपर्यंत आणखी ४, आल्यावर धुवायला १. प्रवास धरून १७ दिवस, म्हणजे ८५० क्रेट. मोडतोडीचे दहा टक्के मी वर धरतोच. एक्सेल उघडायच्या आधी गिऱ्हाइकाच्या आवारात जाऊन रिकाम्यांची थप्पी कुठे लागते ते बघतो. पर्चेसवाले सांगतात ते दिवस आणि स्टोअरवाला सांगतो ते दिवस कधीच जुळत नाहीत. मी स्टोअरवाल्याचे धरतो.

लांबच्या फेरीला न मिटणारे (घडी न होणारे) क्रेट घेऊ नका, परतीला हवेचं भाडं भराल. मिटणारे महाग असतात, बिजागऱ्या तुटतात, तरी तेच परवडतात. चाकण-रांजणगावसारख्या जवळच्या फेरीला, गाडी रिकामी परतणारच असेल तर, साधे चालतात.

‘प्लास्टिक आलं म्हणजे पर्यावरण वाचलं’ हेही ऐकून कान किटले. एक क्रेट बनवायला एका खोक्यापेक्षा कितीतरी जास्त माल लागतो. तो बऱ्याच फेऱ्या झाल्यावरच फिटतो. चार फेऱ्यांत हरवला, किंवा रिकाम्यांसाठी खास गाडी पाठवली, तर खोकाच बरा होता.

पार्टच्या मापाचा ६५० मिमीचा क्रेट बनवून घेऊ नका. ६००×४०० मिमीचे १२००×१००० मिमीच्या पॅलेटवर (क्रेट रचायच्या फळीवर) एका थरात बरोबर पाच बसतात.

क्रेटवर चिकटपट्टीचं लेबल नको, कार्ड सरकवायचा खिसा घ्या.

भरलेला क्रेट एका माणसाला दिवसभर उचलता आला पाहिजे.

आणि मालासोबतच्या प्रत्येक चलनावर (पावतीवर) लिहा गेलेल्या नि आलेल्या क्रेटची संख्या, समोरच्याच्या सहीसकट. नाहीतर तुमचे निळे क्रेट कँटीनमागे बसायला वापरलेले सापडतील.