पात्राच्या तोंडून लिहिलेला वाद कसा तपासावा

नेहमीच्या वादविवाद स्पर्धेत बोलणारा स्वतःच्या नावाने बोलतो. पात्राच्या तोंडून लिहायच्या वादात मात्र एक कल्पित जग ठरलेले असते, त्यातली पात्रे ठरलेली असतात आणि त्या पात्राच्या तोंडून लेखी वाद घालायचा असतो. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांच्या साहित्य संमेलनांच्या जोडीला, वाचनालयात किंवा कॉलेजात हा प्रकार सहज घेता येईल. घेणे सोपे आहे, तपासणे अवघड. कोणी परीक्षक निबंध तपासल्यासारखे गुण देतो, कोणी नाटकातला संवाद वाचल्यासारखे. दोन्हीत मूळ प्रश्न राहून जातो : हा युक्तिवाद याच माणसाला, याच जगात सुचला असता का?

उदाहरणासाठी एक जग धरू. डोंगरावर राज्य, घाटाखाली बंदर, मधे मिठाची वाट. लिहिता-वाचता फक्त मठातल्या लोकांना येते. बाकी सगळे व्यवहार साक्षीदार ठेवून तोंडी होतात. नदी दर अमावास्येला उलटी वाहते. विषय : घाटातला जकातनाका उठवावा. बाजूने मिठाचा व्यापारी, विरुद्ध घाटाचा किल्लेदार.

आधीची तयारी

जगाचे नियम एका पानात मावावेत, दहा-बारापेक्षा जास्त नकोत. प्रत्येक पात्राची पाच ओळींची चिठ्ठी द्या : त्याला काय माहीत आहे, काय हवे आहे, कशाची भीती आहे, काय तो कधीच बोलणार नाही आणि त्याचा कोणावर भरवसा आहे. लेखन तीन फेऱ्यांत : मांडणी 300 शब्द, खंडन 200, समारोप 150. वीसेक शब्द जास्त झाले तर चालवून घ्या. त्यापुढचा मजकूर वाचूच नका, नाहीतर लांब लिहिणाऱ्याला नकळत झुकते माप मिळते.

नावे काढून क्रमांक घाला आणि प्रती टाइप करून घ्या. हस्ताक्षरावरून शाळा ओळखू येते आणि एकदा शाळा कळली की गुण तिकडे सरकतात. परीक्षक तीन असावेत, तिघांनी वेगवेगळे बसून तपासावे आणि प्रत्येकाकडे प्रतींचा क्रम वेगळा लावलेला असावा. पहिल्या चार प्रतींना कडक आणि शेवटच्यांना सैल हात लागतो तो क्रमामुळेच.

तीन वाचने

पहिले वाचन पेन खाली ठेवून, दोन्ही बाजू क्रमाने. दुसऱ्या वाचनात पात्रांची नावे झाका. नुसत्या मजकुरावरून व्यापारी कोण आणि किल्लेदार कोण हे कळत नसेल तर पात्र उभे राहिलेले नाही. तिसरे वाचन नियमांचे पान शेजारी ठेवून, फक्त युक्तिवादासाठी.

100 गुणांची वाटणी अशी करा : पात्र 30, युक्तिवाद 30, खंडन 25, जगाचे नियम 10, भाषा 5. भाषेला कमी, कारण पात्राला शोभेल अशी भाषा पात्राच्या गुणांत आधीच मोजली जाते. वेगळे 20 ठेवले तर अलंकारिक लिहिणारा दोनदा कमावतो.

पात्राचे गुण

बहुतेक चुका इथेच होतात. नुसती लकब असेल, म्हणजे किल्लेदार दर ओळीला मिशीवर ताव मारत असेल, तर दहाच्या पुढे जाऊ नका. पात्राचा स्वार्थ आणि भीती दिसत असेल तर वीसपर्यंत. त्यापुढचे गुण फक्त तेव्हाच, जेव्हा कारणच त्या पात्राच्या आयुष्यातून आलेले असते.

व्यापारी म्हणतो, “जकात अन्यायकारक आहे, व्यापार मोकळा हवा.” हे कोणीही म्हणेल. पण तो म्हणाला, “अमावास्येला नदी उलटी फिरली की माझी होडी वाऱ्यावाचून वर चढते, पण नाका सूर्यास्ताला बंद. रात्रभर दव पिऊन मीठ पाझरते, पोत्यामागे दोन शेर जाते,” तर इथे माणूस, जग आणि मुद्दा एकाच वाक्यात आले.

पात्राला काय माहीत असू शकते हेही पाहा. “सनदेत असे लिहिले आहे” हे या व्यापाऱ्याला म्हणता येणार नाही, त्याला वाचताच येत नाही. “मठातल्या बुवांनी सनद वाचून दाखवली तेव्हा मी आणि माझा हमाल हजर होतो” हे मात्र उत्तम, कारण या जगात साक्ष हाच पुरावा. किल्लेदाराच्या तोंडी “लोकशाही” किंवा “अर्थव्यवस्था” आली तर जगाचे गुण कापा. पण तोच विचार त्याच्या शब्दांत आला असेल तर कापू नका.

दुष्ट किंवा कठोर पात्राला गुण देताना परीक्षकाचा हात आखडतो. उत्तर कर्नाटकात हरदेशी-नागेशी या सवाल-जवाबाच्या लोकगीतांचे गायक शिव श्रेष्ठ की शक्ती यावर रात्र रात्र झगडतात, आणि जाणता श्रोता स्वतःची भक्ती कुणावर हे बाजूला ठेवून सवालाला जवाब कसा मिळाला ते पाहतो. परीक्षकानेही तेच करायचे आहे.

युक्तिवाद आणि खंडन

न्यायसूत्रे, म्हणजे तर्क आणि वादाचे नियम सांगणारा प्राचीन संस्कृत ग्रंथ, त्यातली विभागणी इथे फार कामाची आहे. सत्य शोधण्यासाठी चाललेला तो वाद. जिंकण्यासाठी छलासकट, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ मुद्दाम फिरवूनही, चाललेला तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड करणारी ती वितंडा. पात्राने जल्प केला तर गुण जात नाहीत, धूर्त व्यापारी तसाच बोलेल. पण 300 शब्दांच्या मांडणीत वितंडाच असेल तर युक्तिवादाला दहापेक्षा जास्त देऊ नका.

न्यायसूत्रांत निग्रहस्थाने, म्हणजे वादात हरण्याच्या जागा, 22 आहेत. परीक्षकाला पाच पुरतात : आपलेच म्हणणे सोडणे, मधेच म्हणणे बदलणे, विषय सोडून बोलणे, तेच तेच बोलणे आणि “तूही तसाच” म्हणत स्वतःचा दोष मान्य करून टाकणे. शेवटची चूक खंडनात सर्वांत जास्त सापडते. छल पात्राने मुद्दाम केला की लिहिणाराच फसला, हे समारोपात कळते. मुद्दाम केला असेल तर तिथे त्याचा उपयोग किंवा बचाव दिसतो.

खंडनासाठी कागदाची दोन भागांत घडी घाला. डावीकडे समोरच्याचे मुद्दे, उजवीकडे त्याला मिळालेले उत्तर. सर्वांत भक्कम मुद्द्यासमोरची जागा कोरी असेल तर बाकीची उत्तरे कितीही टोकदार असोत, 25 पैकी 12 च्या वर जाऊ नका.

सीमाभागात घ्यायची काळजी

दोन राज्यांमधल्या गावाचा विषय दिला की आपल्याकडची मुले 1956 ची राज्यपुनर्रचना, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग, त्याच वादाचा सर्वोच्च न्यायालयातला दावा थेट पात्राच्या तोंडी घालतात. भावना खरी असते आणि म्हणूनच परीक्षक हेलावतो. तरी ते त्या जगाबाहेरचे आहे. तीच वेदना किल्लेदाराच्या मुलीच्या सासरच्या वाटेत नाका येतो अशा रूपाने आली तर पूर्ण गुण द्या.

पात्र “काय करूलालास?” असे बेळगावी मराठीत बोलले किंवा मधेच कन्नड शब्द वापरला तर ती चूक धरू नये, फक्त सगळ्या फेऱ्यांत ते सारखे असावे. कन्नड माध्यमातली मुले शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व वेलांटी देतात, कारण कन्नडात ‘बेळगावी’ हे शहराचे नावसुद्धा ऱ्हस्वानेच संपते. अशा चुकांना मिळून एकच गुण कापा.

शेवटची बेरीज

तिघांच्या गुणांत 15 पेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढू नका. एकत्र बसा आणि ज्या ओळीवरून फरक पडला ती मोठ्याने वाचा. बरोबरी झाल्यास खंडनाचे गुण पाहा, तेही सारखे असतील तर पात्राचे.

प्रत्येक प्रतीवर दोन ओळींचा शेरा लिहा, त्यात त्यांचेच एक वाक्य असू द्या. “छान प्रयत्न” याने लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. “दुसऱ्या फेरीत किल्लेदाराने सनद वाचली, ती कोणाकडून वाचून घेतली ते सांगितले असते तर चार गुण वाढले असते” असे लिहा.