भावगीतं ऐकणाऱ्या मैत्रिणीला हेवी मेटल ऐकवताना या चुका टाळा

पहिली चूक मी ताम्हिणी घाटात केली. पुण्याहून दिवेआगरला निघालो होतो. शेजारी कॉलेजपासूनची मैत्रीण, जिच्या कानात अरुण दाते, मेहदी हसन आणि रात्री उशिरा कधीतरी अमेरिकी लोकगायिका जोन बाएझ असते. मी स्लेयर या मेटल बँडचा 1986 चा 'रेन इन ब्लड' लावला. सगळा अल्बम जेमतेम 29 मिनिटांचा. मला वाटलं, घाट उतरेपर्यंत हिला कळेल की मी इतकी वर्षं कशात रमलोय. तिसऱ्या गाण्याला ती म्हणाली, "अरे, बंद कर ना, डोकं दुखायला लागलं." त्यानंतर जवळजवळ वर्षभर मेटलचं नाव काढलं की ती विषय बदलायची.

त्या अल्बमवर माझा आजही तितकाच जीव आहे. पण तो माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा माझे कान दहा वर्षं तयार होत आले होते. तिला मी ती दहा वर्षं एका घाटात पार करायला सांगत होतो. पुढे सगळं नव्याने सुरू केलं, हळूहळू जमलं, आणि मधल्या काळात इतरांनाही त्याच त्या चुका करताना पाहिलं.

आपलं लाडकं गाणं आधी लावू नका

आधी तिची गाणी ऐका. खरंच बसून ऐका, आणि विचारा की या गाण्यात तुला नेमकं काय धरून ठेवतं. शब्द? गळा? चाल? संथपणा? उदासी? "मला सॉफ्ट गाणी आवडतात" हे उत्तर अपुरं आहे, कारण मऊपणा हा त्या गाण्यांचा पोत झाला. माणूस अडकतो तो आतल्या कशात तरी. ते सापडलं की मेटलमधलं दार कुठलं उघडायचं ते कळतं.

माझ्या मैत्रिणीचं दार निघालं जोन बाएझ. बाएझने 1975 मध्ये 'डायमंड्स अँड रस्ट' गायलं, जुन्या प्रेमाच्या आठवणीचं, गिटारवरचं शांत गाणं. दोनच वर्षांनी, 1977 मध्ये, बर्मिंगहॅमच्या ज्युडास प्रीस्टने तेच गाणं आपल्या 'सिन आफ्टर सिन' अल्बमवर घेतलं. चाल तीच, दुखणं तेच, फक्त खाली गिटारी धावताहेत. मी दोन्ही एकापाठोपाठ लावली. दुसऱ्यांदा ऐकताना ती शब्द पुटपुटत होती. ओळखीची चाल हाताशी असली की अनोळखी आवाजाची भीती निम्मी होते, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्याला वाद्यसंगीत आवडतं त्याला फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाचा 1996 चा पहिला अल्बम द्या. चार चेलो, गायक नाही, ड्रम नाहीत, आणि वाजतात मेटॅलिका या मेटल बँडची गाणी. मेटलमध्ये सुरावट असते की नाही, हा वाद तिथे संपतो. गळ्यावर प्रेम असणाऱ्याला रॉनी जेम्स डिओ ऐकवा, ब्लॅक सॅबथच्या 1980 च्या 'हेवन अँड हेल'वरचा. शब्दांसाठी ऐकणाऱ्याला त्याच बँडचं 1970 चं 'वॉर पिग्ज' आधी वाचायला द्या. व्हिएतनामच्या काळात युद्ध लादणाऱ्यांवर धरलेला तो राग आहे, आणि वाचून झाल्यावर गिटारचा तो जडपणा कुठून येतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि ज्याला विलंबित ख्याल आवडतो, त्याला डूम मेटल. लोक नवख्या माणसाला वेगवान मेटल देतात, कारण आपल्याला ते चेतवतं. पण संथ संगीतावर वाढलेल्या कानाला वेगाचाच जास्त त्रास होतो, मोठ्या आवाजाचा त्या मानाने कमी. स्वीडनच्या कँडलमासचा 1986 चा पहिला अल्बम ऐकून पाहा: एकेक स्वर सावकाश पडतो, त्यावर ऑपेरासारखा भरदार गळा.

फोनच्या स्पीकरवर ऐकवू नका

ही चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त घडणारी. कट्ट्यावर बसल्या बसल्या फोन पुढे करून "हे ऐक" म्हणायचं. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ती सुमारे 82 हर्ट्झवर, बेस गिटारची 41 वर. फोनच्या बोटभर स्पीकरमधून हे स्वर जवळजवळ येतच नाहीत. उरतो तो वरचा भाग: झांजांची सळसळ आणि गिटारची करकर. म्हणजे ज्या पायावर ते संगीत उभं आहे तो काढून टाकून आपण फक्त कलकलाट ऐकवतो, आणि समोरचा "कलकलाट आहे" म्हणाला की रागावतो. त्याने ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं.

बरे हेडफोन द्या, किंवा घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावा. आवाज मात्र मध्यम ठेवा. मेटल मोठ्यानेच ऐकायचं असतं हा हट्ट पहिल्या भेटीत नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास सुरक्षित, 90 डेसिबलला फक्त 4. बारीक आवाजात लावलेलं चांगलं मेटलही जडच वाटतं, कारण तो जडपणा स्वरांच्या मांडणीतून येतो.

आणखी एक. कोणीतरी गर्दीतून फोनवर घेतलेले मैफलीचे व्हिडिओ नवख्याला कधीच दाखवू नका. आवाज फाटलेला असतो. आपण तिथे हजर होतो म्हणून आपला मेंदू ती जागा भरून काढतो, तिचा कशाने भरणार?

फक्त बॅलड देऊन थांबू नका

याच्या उलट टोकाची चूक. घाबरून आपण बॅलड, म्हणजे संथ, हळवं गाणं, देतो: मेटॅलिकाचं 'नथिंग एल्स मॅटर्स'. ते कोणालाही आवडतं. मैत्रीण खूश, आपण खूश. मग ती त्याच 1991 च्या अल्बमवरचं पुढचं गाणं स्वतःहून लावते आणि तिला फसवल्यासारखं वाटतं. बॅलड आवडणं आणि मेटल आवडणं यांच्यात एक पायरी आहे आणि ती गाळली की माणूस तिथेच थांबतो.

ती पायरी म्हणजे मऊ सुरू होऊन डोळ्यांदेखत जड होत जाणारी गाणी. मेटॅलिकाचं 1988 चं 'वन' घ्या. युद्धात हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गमावून शरीरात कोंडून पडलेल्या सैनिकाचं हे गाणं डाल्टन ट्रंबो यांच्या 1939 च्या कादंबरीवरून सुचलेलं. सुरुवातीला स्वच्छ, एकटी गिटार. मग हळूहळू भिंती जवळ येतात, आणि शेवटी ड्रमरच्या दोन्ही पायांचे तडाखे मशीनगनसारखे पडू लागतात. तिथे पोचेपर्यंत ऐकणाऱ्याला कळलेलं असतं की आता हळू आवाजात बोलून भागणार नाही. मोठा आवाज मागून घेतला जातो. माझ्या मते मेटल समजण्याचा क्षण हाच असतो, आणि त्यासाठी गाणं मध्येच पुढे ढकलू नये, "आता बघ, आता येतंय" असंही म्हणू नये. गप्प बसावं. मला हे जड गेलं, पण गप्प बसलो तेव्हाच ते गाणं तिचं झालं.

मैफलीची सवय असलेल्यांना आयर्न मेडनचं 'फिअर ऑफ द डार्क' लाइव्हच द्यावं, 2001 च्या रिओमधलं. गिटारची धून लाखो लोक गळ्याने गातात. हाच बँड 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेला. त्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली होती आणि बँडचं विमान चालवत होता त्यांचा गायक, ब्रूस डिकिन्सन.

इतिहास आणि उपप्रकारांचं व्याख्यान नको. एकच गोष्ट समजावा

थ्रॅश, डेथ, ब्लॅक, प्रोग हे सगळं नंतर. "हे खरं मेटल नाही" हे वाक्य तर नवख्यासमोर उच्चारूच नये. त्याला नुकतंच आवडलेलं गाणं आपण त्याच्या हातून काढून घेतो.

समजावायचंच असेल तर तानपुऱ्यापासून सुरू करा. तानपुरा सा आणि प वर जुळवतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. मेटलची गिटारही बराच वेळ नेमके हेच दोन स्वर एकत्र वाजवते. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. कारण असं की डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडण्याच्या प्रक्रियेतून, गेलेल्या प्रत्येक स्वराला असंख्य उपस्वर फुटतात. त्यात गंधार मिसळला की सगळं गढूळ होतं, पण षड्ज-पंचमाचे उपस्वर एकमेकांत छान बसतात आणि भिंतीसारखा एकसंध नाद तयार होतो. मैत्रिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हा चिडलेला तानपुरा." इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

मग ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावा, फेब्रुवारी 1970 चं. पाऊस, लांबून घंटा, आणि तीन स्वर: सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. आपला कान पंचमाची वाट पाहत असतो आणि गाणं त्याच्या एक पायरी खाली लटकत राहतं. ती बेचैनी म्हणजेच मेटलचा जन्म. (चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती ही गोष्ट मात्र सांगू नका. तशा बंदीचा पुरावा सापडत नाही.)

ते स्वर वाजवणाऱ्या टोनी आयोमीची हकिगत जरूर सांगा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, आणि पुढे 1971 च्या अल्बमपासून गिटार खालच्या पट्टीत उतरवली, तारा सैल पडून बोटांना कमी दुखावं म्हणून. जगभरच्या मेटलचा तो खोल, जड आवाज अशा सोसण्यातून आला. हे ऐकल्यावर "उगाच आरडाओरडा" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

ग्राउल शेवटी

घशातून काढलेली ती गुरगुर बहुतेकांना तोडते. कधी आणायची? माझ्या अनुभवात, रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, गुणगुणता यायला लागल्यानंतरच. स्वीडनच्या ओपेथने एकाच सुमारास दोन अल्बम रेकॉर्ड केले: 2002 चा जड 'डेलिव्हरन्स' आणि 2003 चा 'डॅम्नेशन', ज्यात एकही ग्राउल नाही. दुसरा आधी द्या. महिनाभर मुरू द्या. मग पहिला. त्याच गायकाचा मऊ आवाज ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे तोच गुरगुरतो तेव्हा ऐकणारा दचकतो, पण पळत नाही. सांगता आलं तर सांगा की यात मुख्य स्वरतंतूंच्या वरच्या घड्या थरथरवल्या जातात, नीट शिकलेला गायक घसा फाडत नसतो.

तक्रार आली तर

"सगळी गाणी सारखीच वाटतात." एका बैठकीत फार ऐकवलंत. दोन गाणी पुरेत. शिवाय एक वाद्य धरायला द्या: आज फक्त बेस, उद्या फक्त ड्रम.

"फार पळतंय, दमायला होतं." पायातले ठोके मोजू नका म्हणावं, हाताने वाजणाऱ्या स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, टाळी द्या. तबल्यात चौगुन लागली तरी मूळ लय तीच असते, इथेही तसंच. स्नेअर धरला की बरीच गाणी चालण्याच्या वेगाची निघतात. ढोल-ताशा पथकासमोर उभं राहून अंगात लय भिनलेल्या माणसाला हे मिनिटभरात कळतं.

"हे इतके रागावलेत कशावर?" चांगला प्रश्न आहे, टाळू नका. गाण्याचा विषय सांगा. विषय आत्महत्येचा असेल, जसा मेटॅलिकाच्या 1984 च्या 'फेड टू ब्लॅक'चा आहे, तर समोरचा सध्या कुठल्या दिवसांतून जातोय ते आधी पाहा आणि मगच लावा.

"छान आहे, पण पुन्हा नको." ऐका त्याचं. तीन महिने काही पाठवू नका.

मैफलीला न्यायचंच ठरलं तर इअरप्लग बरोबर घ्या आणि मागे, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा. आवाज तिथे सगळ्यात नीट ऐकू येतो. पुढे लोक एकमेकांवर आदळतात त्याला मॉश पिट म्हणतात, आणि कोणी पडला तर शेजारचे आधी त्याला उचलतात, हे घरून निघतानाच सांगून ठेवा.

माझ्या मैत्रिणीने दोन वर्षांत इतकंच ठेवलंय: प्रीस्टचं ते गाणं, कँडलमासचा पहिला अल्बम, आणि 'वन'. बाकीचं तिने प्रामाणिकपणे ऐकलं आणि प्रामाणिकपणे परत केलं. बदल्यात तिने मला मेहदी हसन बसवून ऐकवले, एकेक शेर थांबवत. घाटातला तो अल्बम तिने अजून पुरा ऐकलेला नाही, आणि मीही तिच्यासमोर पुन्हा लावलेला नाही.