पर्यावरण अर्थशास्त्र शिकताय? या चुका टाळा

"सर, प्रदूषण म्हणजेच बाह्यता ना?" एम.ए.च्या वर्गात दरवर्षी हा प्रश्न येतो, आणि दरवर्षी मी नाही म्हणतो. नुकसान कितीही मोठं असो, ते करणाऱ्याच्याच अंगावर आलं तर ती बाह्यता नव्हे. तिसऱ्याला सोसावं लागतं आणि किमतीत त्याचा हिशेब कुठंच येत नाही, तेव्हा ती बाह्यता.

वाळवा तालुक्यातल्या क्षारपड जमिनीवर एका विद्यार्थिनीनं प्रकल्प केला होता. मेहनत खरी होती, रानोमाळ फिरली होती. उसाला पाटानं भरमसाट पाणी, निचरा नाही, भूजल वर आलं, त्याबरोबर क्षार वर आले, जमीन पांढरी पडली. हे सगळं नुकसान तिनं बाह्य खर्चात धरलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एकच विचारलं, "स्वतःच्या पाण्यानं स्वतःचं रान घालवलं, यात तिसरा कोण?" ती गप्प. तिसरा तिच्याच वहीत होता! वरच्या रानातलं पाणी झिरपून खालच्याची जमीन गेल्याच्या नोंदी होत्या. पण दोन्ही नुकसानं एकाच बेरजेत घातल्यामुळं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. ती वही मी आधी उघडून बघायला हवी होती, हे मला आजही लागून राहिलंय.

तेव्हापासून आकडेमोडीआधी मी कागदावर पाट, बांध, ओढा काढायला लावतो. प्रत्येक नुकसानीपुढं दोन नावं लिहायची: कुणी केलं, कुणी सोसलं. दोन्हीकडं एकच माणूस आला की ती ओळ वेगळी काढायची. गाईडमधली व्याख्या पाठ करून हे जमत नाही. पहिल्याच महिन्यात सॉफ्टवेअर उघडायची घाई करणाऱ्यांना तर मुळीच नाही.

कास पठाराचं मूल्य म्हणजे तिकीट गुणिले पर्यटक, असं लिहू नका. प्रवासखर्च पद्धतीत, म्हणजे लोक तिथं यायला किती खर्च करतात त्यावरून जागेचं मूल्य काढताना, येण्याजाण्याचा खर्च आणि गेलेला वेळही धरतात. कधीच न येणाऱ्यालाही ते पठार टिकावंसं वाटतं, ते मूल्य मात्र या पद्धतीत सापडत नाही.

पिगूचा कर, म्हणजे तिसऱ्याचं नुकसान करणाऱ्याच्या हिशेबात यावं म्हणून लावलेला कर, प्रदूषण शून्यावर आणण्यासाठी नसतो.

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोसच्या बाह्यतेवरच्या १९६० च्या लेखावर "दोघं आपसात सौदा करतील, सरकारची गरज नाही" एवढंच लिहिणाऱ्यांनी तो लेख वाचलेला नसतो. व्यवहारखर्च, म्हणजे असा सौदा जुळवण्याचा खर्च, शून्य नसतो तेव्हा काय होतं, यावरच त्यात बरंच लिहिलंय.

आणि वटाव दर, म्हणजे पुढं मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढायचा दर. ३० वर्षांनी मिळणारे १०० रुपये १० टक्क्यांनी आज पावणेसहा रुपयांच्या आसपास येतात, ३ टक्क्यांनी ४१. क्षारपड रानात निचऱ्याचे पाइप घालणं एका दरानं तोट्याचं आणि दुसऱ्यानं फायद्याचं दिसू शकतं. दर का निवडला हे लिहिलेलं नसेल, तर मी पुढचं पान न तपासता वही परत देतो.