पेट्रोलियम इंजिनिअरिंगची स्वस्त डिग्री शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेत पेट्रोलियम इंजिनिअरिंगची डिग्री देणारी कॉलेजं मुळात मोजकीच आहेत, त्यामुळे तुलना सोपी वाटते. मग मुलं काय करतात, एक्सेल शीट उघडतात, वेबसाइटवरचा ट्यूशनचा आकडा टाकतात, सॉर्ट करतात आणि वरची तीन नावं उचलतात. गडबड इथूनच सुरू होते, कारण तो आकडा म्हणजे तुम्ही भरणार ते पैसे नव्हेतच. सरकारी युनिव्हर्सिटीत त्या राज्यातल्या मुलांना एक फी आणि बाहेरच्यांना वेगळी, बऱ्याच ठिकाणी दुप्पट किंवा त्याहूनही जास्त, शिवाय इंजिनिअरिंगच्या कोर्सना वेगळी जादा फी, लॅब फी, आणि हे सगळं वेगवेगळ्या पानांवर लपलेलं. 2011 पासून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत घेणाऱ्या कॉलेजांना वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा करून खरा खर्च अंदाजे सांगणारा फॉर्म, ठेवावाच लागतो, तो भरून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, हा कॅल्क्युलेटर अमेरिकन विद्यार्थी डोळ्यासमोर ठेवून केलेला असतो, बाहेरच्या देशातून जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये, सरळ कॉलेजच्या ऑफिसला मेल करून वर्षाचा पूर्ण खर्च लेखी मागावा.

याच्या उलटी चूक पण होते, म्हणजे बाहेरच्या राज्यातल्यांची फी बघून चांगलं कॉलेज आधीच यादीतून उडवायचं. पश्चिमेकडच्या राज्यांत वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज नावाची सोय आहे, त्यात सामील असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या मुलाला जास्तीत जास्त स्थानिक फीच्या दीडपट फी लागते. मोंटाना राज्यातलं मोंटाना टेक हे कॉलेज त्यात आहे, पण तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष त्यात बसतं का ते विचारायलाच लागतं. टेक्ससमध्ये सरकारी युनिव्हर्सिटीची किमान 1,000 डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या मुलालाही स्थानिक दराने फी लागू शकते. म्हणजे स्कॉलरशिप छोटी दिसली म्हणून अर्जच न करणं हे फार मोठं नुकसान आहे!

आता सगळ्यात महाग चूक, आणि ती कुठल्याच शीटमध्ये दिसत नाही. पाचवं वर्ष. या शाखेत विषय साखळीने जोडलेले असतात, कॅल्क्युलस झाल्याशिवाय पुढचं फिजिक्स नाही, त्याशिवाय फ्लुइड मेकॅनिक्स नाही, मग रिझर्व्हॉयर (जमिनीखालचा तेलसाठा), ड्रिलिंग, प्रॉडक्शन, आणि शेवटी सिनियर डिझाइन, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. डिपार्टमेंट छोटं असेल तर वरचे बरेच विषय वर्षातून एकदाच शिकवतात, एक हुकला की पुढची अख्खी साखळी वर्षभर लांबते, तेवढ्या काळाची फी आणि राहण्याचा खर्च वाढतो आणि तेवढ्या महिन्यांचा पगारही जातो तो वेगळा. म्हणून कमी फीचं कॉलेज निवडण्याआधी चार वर्षांत डिग्री पूर्ण करणारे किती टक्के आहेत ते बघा, आणि डिपार्टमेंटला विचारा की कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला असतो. टेक्सस ए अँड एमसारख्या ठिकाणी पहिलं वर्ष जनरल इंजिनिअरिंगचं असतं आणि शाखा नंतर मिळते, तेव्हा ॲडमिशन मिळाली म्हणजे पेट्रोलियम मिळालंच असं धरून चालू नका.

कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, दोन वर्षं काढून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेणं हा खरंच चांगला मार्ग आहे, मी तर पैशांची ओढाताण असलेल्या प्रत्येकाला हेच आधी बघायला सांगेन. पण युनिव्हर्सिटीने क्रेडिट घेणं आणि डिपार्टमेंटने तो विषय डिग्रीत मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेडिट नुसतं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून पडून राहिलं तर उपयोग शून्य. कोर्स घेण्याआधीच डिपार्टमेंटच्या ॲडव्हायझरकडून विषयवार लेखी उत्तर घ्या.

एबेट (ABET, इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणारी अमेरिकन संस्था) हिची मान्यता बघताना कॉलेजचं नाव बघून थांबू नका, मान्यता प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी असते. आणि 'पेट्रोलियम इंजिनिअरिंग' आणि 'पेट्रोलियम इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' या दोन वेगळ्या डिग्र्या आहेत, एबेटमध्ये त्यांची तपासणीही वेगवेगळे कमिशन करतात. ऑइल कंपनीत नोकरी करायला बऱ्याचदा पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) हे राज्याचं लायसन्स लागत नाही हे खरं, पण पुढे स्वतःची कन्सल्टिंग करायची झाली तर कुठली डिग्री आहे याने फार फरक पडतो, काही राज्यांत दारच बंद होतं, काही ठिकाणी जास्त वर्षांचा अनुभव मागतात.

पगाराचे आकडे पण जपून वाचा. अमेरिकन सरकारच्या आकडेवारीत मे 2023 मध्ये पेट्रोलियम इंजिनिअरचा मधला पगार वर्षाला 1,35,690 डॉलर होता, पण त्यात वीस वीस वर्षं काम केलेले लोक आहेत, कालच पास झालेल्याचा तो पगार नव्हे. त्यात हा धंदा तेलाच्या भावावर हलतो. 2014 च्या मध्यात बॅरल 100 डॉलरच्या वर होतं, 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली, आणि 20 एप्रिल 2020 ला अमेरिकन तेलाचा वायदा चक्क उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. भाव पडला की भरती थांबते, मुलं कमी होतात, आणि डिपार्टमेंटच धोक्यात येतं, कॅनडात कॅलगरी युनिव्हर्सिटीने 2021 मध्ये ऑइल अँड गॅस इंजिनिअरिंगच्या बॅचलर डिग्रीचे नवे प्रवेश थांबवले होते. त्यामुळे कॉलेज जो सरासरी पगार सांगतं तो किती मुलांच्या उत्तरांवरून काढला आणि कुठल्या वर्षाचा आहे ते विचारा, तेजीचं आणि मंदीचं अशी दोन्ही वर्षं मागा. कर्ज काढूनच शिकायचं असेल तर मला विचाराल तर केमिकल किंवा मेकॅनिकलची डिग्री आणि सोबत पेट्रोलियमचा मायनर, म्हणजे जोडविषय, हा पर्याय जास्त सुरक्षित आहे.

लॅबबद्दल एवढंच, ड्रिलिंग मड (विहीर खोदताना वापरतात तो द्रव), कोअरची (खडकाच्या नमुन्याची) पोरॉसिटी-पर्मिअॅबिलिटी, म्हणजे त्यात छिद्रं किती आणि त्यातून तेल किती सहज वाहतं, हे स्वतःच्या हाताने करायला मिळतं का ते विचारा, फोटोवर जाऊ नका.

आणि आधीच ॲडमिशन घेऊन अडकला असाल तर? दुसऱ्या वर्षापर्यंत फार काही बिघडलेलं नसतं, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि स्टॅटिक्स इंजिनिअरिंगच्या बऱ्याच शाखांना लागतं, त्यामुळे शाखा बदलता येते. विषय हुकला असेल तर दुसऱ्या कॉलेजात समर टर्ममध्ये घेता येतो का ते आधी डिपार्टमेंटकडून मंजूर करून घ्या. फी झेपत नसेल तर कॉलेज सोडायच्या आधी डिपार्टमेंटच्या स्वतःच्या स्कॉलरशिप विचारा, बऱ्याच ठिकाणी त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठीही असतात आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.