क्षार म्हटलं की कोणता? या चुका टाळा

दहावीला आम्ल, आम्लारी (बेस) आणि क्षार (सॉल्ट) हा धडा आहे. त्यावरच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य मी वर्षानुवर्षं लाल शाईनं खोडत आले आहे : ‘सॉल्ट लाल लिटमस निळा करतं.’ मुलं आळशी नाहीत, उलट अभ्यास करून चुकतात. गोव्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत असतात, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. धडा डोक्यावरून गेला की रात्री मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावतात. तिथला शिक्षक सांगतो, क्षार लाल लिटमस निळा करतो. हिंदीत ते अगदी बरोबर आहे, कारण हिंदीतला क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी, आपण ज्याला अल्क, इंग्रजीत अल्कली म्हणतो तो. सॉल्टला हिंदीत लवण म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र सॉल्ट म्हणजेच क्षार. मूल हिंदीतला क्षार ऐकतं, मराठीतला समजतं आणि इंग्रजीत सॉल्ट लिहितं. तीन भाषा, एक शब्द, गुण गेले.

यावर माझा उपाय एकच. वहीत क्षार हा शब्द एकटा लिहायचा नाही, शेजारी रासायनिक सूत्र हवंच. कॉस्टिक सोड्याशेजारी NaOH लिहिलं की त्यातला ओएच, म्हणजे आम्लारीची खूण, डोळ्यांना दिसतो, मग तो सॉल्टच्या यादीत जात नाही. दहा मिनिटांत धडा संपवून देणारे व्हिडिओ मला मुळीच आवडत नाहीत. ज्याला परीक्षा उद्या आहे त्यानं ते बघावेत. ज्याला रसायन शिकायचं आहे त्यानं वेळ द्यावा.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. आयुर्वेदातला क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून आटवलेला पदार्थ. त्यात पोटॅशियम कार्बोनेट भरपूर असतं. घडणीनं पाहिलं तर ते सॉल्टच, पण पाण्यात त्याचं वागणं अल्कासारखं. म्हणून ‘क्षार नेहमी उदासीन असतात’ हे पाठ केलेलं वाक्यही फसवं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्या. त्यावर मिठाचं पाणी टाकलं तर पिवळा रंग तसाच राहतो, धुण्याच्या सोड्याचं टाकलं तर लाल होतो. दोन्ही क्षारच. कल्हईवाल्याचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, हाही क्षारच, पण त्याचं पाणी तर आम्लधर्मी असतं. हे करून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी मुलं पाठांतराकडे धावतात याचं मला वाईट वाटतं.

शाळेतली चूक गुणांवर निभावते, घरातली महागात पडते. पेडणे तालुक्यात खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताच्या, कडेला आमच्या ओळखीचं एक घर आहे. एका उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी खारट झालं. कोणी म्हणालं, पाण्यात क्षार आहेत, उकळून प्या. त्यांनी उकळलं, पाणी आणखी खारट लागलं. लागणारच. उकळल्यावर मोडतात आणि न विरघळणारे होऊन खाली बसतात ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट, भांड्याच्या तळाशी पांढरं पुट धरतं ते. मीठ जागच्या जागी राहतं आणि पाणी मात्र वाफेनं कमी होतं. मग एक विक्रेता आला आणि ‘क्षार काढणारं’ यंत्र बसवून गेला. ते होतं जड, म्हणजे कठीण पाणी हलकं करणारं यंत्र. त्यातली रेझिन, म्हणजे बारीक मण्यांचा थर, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. तिला पुन्हा ताजं करायला वरून मिठाचं पाणी घालावं लागतं. म्हणजे खारट पाण्यासाठी पैसे मोजून हे लोक मिठाच्या पिशव्या आणत होते! विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, क्षार काढतो असंच सांगितलं होतं. शब्दाला धरून तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला.

पुढे प्रयोगशाळेत पाणी तपासून घेतलं, तर क्लोराइड मर्यादेच्या खूप वर. कारण घरामागेच होतं : खाजनाचा बांध खचला होता, मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं मोडली होती आणि भरतीचं पाणी आत येत होतं. बांध बांधून झाला, दोन पावसाळे गेले, तेव्हा कुठे विहीर गोडी झाली.

तेव्हा पाण्यात क्षार आहेत असं कोणी सांगितलं की कोणते, हे विचारा. हातातलं टीडीएसचं यंत्र विरघळलेल्या पदार्थांचा एकूण अंदाज देतं, त्यांची नावं सांगत नाही. क्लोराइड (खारटपणा मुख्यतः त्याचा) आणि कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा) वेगवेगळे मोजून घ्या. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम, कठीणपणाची 200. कठीणपणा जास्त असेल तर ते रेझिनचं यंत्र कामाचं. क्लोराइड जास्त असेल तर आरओ, किंवा त्याहून आधी बांधाकडे एक फेरी.

चाखून क्षार ओळखू नका. एप्सम सॉल्ट कडू, लेड अॅसिटेट गोड आणि विषारी, मोरचूदही विषारीच.

मिठागरातलं जाडं मीठ पावसाळ्यात पाझरतं म्हणून ते भेसळीचं ठरवू नका. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतले सुमारे 27 ग्रॅम सोडियम क्लोराइड. उरलेल्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतली ओल ओढतं. मी ते मीठ सुकी मासळी, लोणची आणि माडाच्या मुळांसाठी ठेवते. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्तच.

आणि रक्तदाब असलेल्यांनो, सैंधव म्हणजे वेगळा क्षार नव्हे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, कितीही खाल्लं तरी चालतं असं नाही. कमी सोडियमचं म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. ते पाकीट दुकानातून उचलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.